डाव्या बाजूला पाऊण इंच

लग्नसराईत शिंपिणीचं स्वतःचं ब्लाऊज कायम शेवटी शिवलं जातं. बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन मशिनी, एक उभा आरसा आणि हँगरला लटकलेली गावातल्या बायकांची अर्धवट ब्लाऊजं. त्या वर्षी माहेरी भाच्याचं लग्न होतं. चार दिवस उरले तरी माझं कापड घडीतच. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून दाराला आतून कडी घातली, आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःचंच माप घ्यायला लागले. टेप काखेतून पुढं आणली, डाव्या बाजूला बोटानं दाबून धरली, तर बोटाखाली काहीतरी लागलं.

मला वाटलं, बटण आहे. शिंपिणीच्या अंगावर कुठंही काहीही सापडतं, दोरा, हुक, कधी टाचणीसुद्धा. मी पदर झटकला, ब्लाऊज सैल करून झटकलं. खाली काहीच पडलं नाही. परत बोट लावलं. बटण तिथंच, पण कातडीच्या आत.

मग मी जे केलं ते सांगताना आता हसू येतं. मी त्याला टेप लावली. पाऊण इंच. मापाच्या वहीत शाळेतल्या बाईंच्या मापांचं पान उघडं होतं, त्यातच त्यांच्या बाहीखाली लिहून टाकलं: डावी, वरून बाहेरच्या अंगाला, पाऊण. लिहिल्यावर जरा बरं वाटलं. माप घेतलेली गोष्ट हाताबाहेर जात नाही असा माझा वीस वर्षांचा अनुभव.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. माझ्या आईची एक बहीण होती. तिनं असंच काहीतरी दोन वर्षं पदराखाली झाकलं. हळदीचा लेप लावायची, कुणी विचारलं तर म्हणायची उष्णता झालीय. जेव्हा सगळ्यांना कळलं तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मी तेव्हा नववीत होते. मावशीनं सांगितलं का नाही, याचा मला फार राग यायचा. आणि आता मीसुद्धा कडी काढली, मशीनवर बसले आणि कुणालाच काही बोलले नाही.

लग्नाला गेले. तिथं मी नाचले. आमच्यात बायका वरातीपुढं नाचतात, त्यात नवल काही नाही, पण मी नाचत नाही. मी कडेला उभी राहून कुणाच्या ब्लाऊजची पाठ नीट बसली नाही ते बघत असते. त्या दिवशी मनात आलं, कोण जाणे पुढच्या लग्नाला असेन का नसेन, आणि घुसले मधे. फेटेवाल्या पोरांच्या घोळक्यात दोन्ही हात वर करून अर्धा तास नाचले. आमचे हे, म्हणजे नवरा, कडेला पाण्याची बाटली हातात धरून नुसते बघत राहिले.

घरी आल्यावर मी फार चांगली वागायला लागले. ह्यांच्या चहात सांगितली नसताना वेलची घातली. शेजारणीनं माझी कात्री नेऊन बोथट करून आणली, तरी हसून परत घेतली. हे गावात पंचायतीचं पाणी सोडायचं काम करतात, वॉल फिरवायला पहाटे उठतात आणि उठताना सगळ्या घराला उठवतात. मी त्यावरही काही बोलले नाही. चौथ्या दिवशी ह्यांनी ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "काय झालंय तुला?"

"कुठं काय?"

"चार दिस झाले तू भांडली न्हाईस."

मी म्हटलं लग्नात दमले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाण्याच्या वेळेवरून थोडी भांडले, तेव्हा त्यांना बरं वाटलं.

मनाचा हिय्या करून मी एकटीच गावातल्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर जुने, चांगले. त्यांच्या सुनेची ब्लाऊजं मीच शिवते. वाटेत मी वाक्य पाठ करत गेले होते, पण त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्यावर त्या वाक्यातला नेमका शब्द काही केल्या तोंडातून निघेना. दिवसभर बायकांच्या छातीची मापं घेते मी, कप, टक्स, पट्टी, सगळं बिनदिक्कत बोलते, पण स्वतःच्या अंगाबद्दल एका पुरुषाला सांगायचं म्हटल्यावर जीभ टाळूला चिकटली. मी म्हणाले, "डॉक्टर, छातीत काहीतरी हाय."

"धडधडतं का?"

त्या क्षणी धडधडतच होतं. "व्हय."

"डाव्या बाजूला?"

"व्हय."

"डावा हात जड होतो?"

आठ तास मशीन चालवल्यावर दोन्ही हात जड होतात. "व्हय."

एकही उत्तर खोटं नव्हतं. डॉक्टरांचा चेहरा बदलला. पाच मिनिटांत मी आतल्या खोलीत आडवी होते आणि नर्सबाई माझ्या छातीवर ईसीजीच्या यंत्राची गार गार बोंडं चिकटवत होत्या. एक बोंड गाठीपासून दोन बोटांवर. मला वाटलं, आता दिसेल, आता त्या विचारतील. पण त्या यंत्रातून सरकणाऱ्या कागदाकडं बघत होत्या. डॉक्टरांनी कागद उजेडाला धरला आणि खूश होऊन म्हणाले, "तुमचं हृदय अठरा वर्षांच्या पोरीसारखं हाय! ही अ‍ॅसिडिटी. ठेचा कमी करा."

मी त्यांचे आभार मानले आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेऊन घरी आले. वहीत लिहिलं: पाऊण, तसंच.

यानंतर मी फोनचा आधार घ्यायचं ठरवलं. माझी टाइप करायची बोंब, म्हणून माईकचं चिन्ह दाबलं आणि मशीनच्या आवाजात हळूच बोलले, बाईच्या छातीत गाठ म्हणजे काय. फोन लेकानं गाणी ऐकून ठेवलेला, आवाज पूर्ण मोठा. आतली बाई खणखणीत आवाजात सुरू झाली, "स्तनातील गाठ ही अनेक कारणांमुळे होऊ शकते!" मी बंद करायला गेले तर बोट भलतीकडं पडलं आणि तिनं तेच पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. वर मान केली तर दारात निवृत्त मास्तर उभे, बायकोचं ब्लाऊज न्यायला आलेले. "मी सावकाश येतो," म्हणाले आणि चप्पल अर्धीच पायात घालून गेले. त्यांच्या मागं माझी मोठी जाऊ उभी होती, हातात शेंगदाण्याच्या चटणीची वाटी.

मोठ्या जाऊला मी अक्का म्हणते. आमची घरं एकाच भिंतीला लागून. अक्कांचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, आणि त्यांना गोष्ट अर्धी सोडायची सवय नाही.

"कुणाला गाठ झालीय गं?"

"एका गिऱ्हाईकाला."

"कोणत्या?"

"हाय एक. चिटगुप्प्याची."

"चिटगुप्प्याहून बाई हितं ब्लाऊज शिवायला येती?" अक्कांनी वाटी मशीनवर ठेवली, दाराला कडी घातली आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "दाखव."

मी दाखवलं. त्यांनी डोळे मिटून दोन बोटांनी चाचपलं, भाकरीचं पीठ बघावं तसं. "व्हय की गं. हाय." मग डोळे उघडले. "कवापासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"म्हणून तू एवढी नाचलीस व्हय!"

"म्हटलं, शेवटचं असलं तर..."

एवढं मी बोलले आणि काय झालं कुणास ठाऊक, आम्ही दोघी हसायला लागलो. मी ईसीजीची हकीकत सांगितली तर अक्का कापडाच्या ढिगावर कोसळल्या. "अठरा वर्षांची पोरगी!" म्हणत त्या उठायच्या आणि परत पडायच्या. मधेच कधीतरी माझं हसणं रडण्यात गेलं. अक्कांनी मला धरलं आणि त्यांचंही तेच झालं. बाहेर कुणीतरी दार वाजवून परत गेलं.

डोळे पुसून अक्का म्हणाल्या, "उद्या भालकीला. बाई डॉक्टर हाय तिथं. आणि यावेळी मी बरोबर."

त्या संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं, गळ्यात टॉवेल टाकला आणि आमच्या गल्लीचं पाणी सोडायला निघून गेले. वॉल उघडला आणि बंद करायचं विसरले. एरवी अर्धा तास येणारं पाणी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत येत राहिलं. बायकांनी हंडे भरले, कळश्या भरल्या, मग गोधड्या धुवायला काढल्या. एक म्हातारी दारात येऊन सांगून गेली, तुझ्या नवऱ्याला देव भरपूर आयुष्य देवो. हे तळ्याच्या बांधावर बसून होते म्हणे.

भालकीच्या बसमध्ये अक्कांनी माझी तालीम घेतली. "म्हण, माझ्या स्तनात गाठ आहे."

"अक्का, हळू."

"हळू कामून? तिथं बी हळू बोललीस तर परत ईसीजी काढतील. म्हण!"

मी म्हटलं. "अजून जोरात," अक्का म्हणाल्या. मी जोरात म्हटलं. पुढच्या सीटवरच्या माणसानं खिडकी पूर्ण उघडली आणि तोंड बाहेर काढून बसला, ते थेट भालकी येईपर्यंत.

बाई डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकं भरून बायका उभ्या. आमचा नंबर आला तेव्हा दुपार टळली होती. वाक्य एका दमात बाहेर पडलं, नको तेवढ्या मोठ्यानं, बाहेरच्या बाकापर्यंत गेलं असणार. डॉक्टरांनी बसल्याबसल्याच, साडीवरून, एकदा हात लावला. "दुखते?"

"न्हाई."

"मग काही नाही. पाळीच्या आधी होतं असं. महिन्यानं दाखवा." आणि पुढच्या बाईचा कागद ओढला.

मी उठले. खरंच उठले, कारण एवढ्या बायका उभ्या होत्या आणि डॉक्टर दमलेल्या दिसत होत्या. अक्कांनी माझा पदर मागून ओढला, मी परत स्टुलावर. पिशवीतून मापाची वही काढली.

"डॉक्टर, एक विचारू का? पाळी होऊन आठ दिस झालेत. तुम्ही म्हणता तसं असतं तर आतापर्यंत कमी व्हायला पाहिजे होती ना? मी रोज माप लिहिलंय."

त्यांनी वही घेतली. बघितलं. कपाळाला आठी पडली. "हे काय? बाही साडेपाच, मुंढा सोळा?"

"ते शाळेतल्या बाईंचं. खालचं माझं."

डॉक्टर हसल्या, आणि मग एकेक पान उलटत खालच्या ओळी वाचल्या. पाऊण. पाऊण. पाऊण. एका दिवशी पाऊण आणि एक दोरा, म्हणजे किंचित जास्त. मग पेन ठेवला. "चला, पडद्याआड झोपा."

या वेळी त्यांनी सावकाश तपासलं. दोन्ही बाजू, दोन्ही काखा, गळ्याजवळच्या हाडापर्यंत. हात वर करायला लावले, खाली करायला लावले. घरात कुणाला होतं का विचारलं. मी मावशीचं सांगितलं. हात धुऊन त्या परत आल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "दुखत नाही म्हणून काही नाही, असं मी घाईत बोलले. ते बरोबर नव्हतं. न दुखणारी गाठसुद्धा तपासावीच लागते. तुम्ही विचारलंत ते चांगलं केलंत." त्यांनी बिदरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. देताना म्हणाल्या, "आणि ती टेप बंद करा. रोज दाबून बघितलं तर न दुखणारीसुद्धा दुखायला लागेल."

बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, "बघितलंस? डॉक्टरीणबाई चूक कबूल करतीय. आपल्या घरातला एक तरी माणूस करतो काय?"

बिदरला गर्दी होती, पण सगळं ओळीनं. छातीचा फोटो, म्हणजे मॅमोग्राफी, काढायच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी बुरखा घातलेली एक म्हातारी बसली होती. माझा चेहरा बघून तिनं विचारलं, "पैली बार आए क्या? डरो नक्को. मशीन जरा दबाती, बस. मेरा तीसरा साल है." मग कानाशी येऊन म्हणाली, "अंदर की लडकी बहोत अच्छी है, पन हात थंडे हैं उसके."

हात खरंच गार होते. मशीनच्या दोन पाट्या असतात, एक खाली, एक वरून येते, आणि मधे तुम्ही. कॉलरला इस्त्री करताना मी कॅनव्हास जसा दाबते तसं ती मला दाबत होती. पोरगी कन्नडमध्ये सांगायची, "उसिरु हिडीरी," म्हणजे श्वास धरा, आणि मग "बिडीरी," म्हणजे सोडा. कन्नड मला घरच्यासारखं येतं, पण घाबरल्यामुळं ती हिडीरी म्हणाली की मी सोडायचे आणि बिडीरी म्हणाली की धरून ठेवायचे. तिसऱ्या वेळी ती वैतागण्याऐवजी हसायला लागली, मग मी हसले, हसल्यामुळं फोटो हलला आणि चौथ्यांदा काढावा लागला. बाहेरून अक्का ओरडल्या, "आत काय चाललंय गं? मला बी येऊ दे!"

सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, करड्या धुरकट रंगात एक काळसर घेवड्याचा दाणा. एवढ्याशा दाण्यासाठी माझा महिना गेला होता. ते म्हणाले, सुईनं नमुना घ्यावा लागेल. मी सुईवर पोट भरणारी बाई, मला वाटलं सुईची कसली भीती. मग ती सुई बघितली. गोणी शिवायचा दाभण तिच्यापुढं लहान.

भालकीला एकदा तोंड उघडलं होतं, त्यामुळं या वेळी जड गेलं नाही. मी विचारलं, "डॉक्टर, ही कशाची वाटते तुम्हाला? आणि सुई घातल्यानं पसरते म्हणतात, ते खरं का?"

ते हातमोजे घालता घालता थांबले. "साधी वाटते. पण वाटण्यावर मी सोडत नाही, म्हणून नमुना. आणि सुईनं पसरत नाही. हे प्रत्येकीच्या मनात असतं, विचारत कुणी नाही." त्यांनी आधी बधिर केलं, मग सांगितलं, आता खट्ट आवाज येईल. आला. स्टेपलरसारखा. तीनदा. मी वर पंख्याकडं बघत मनात ब्लाऊजचे हुक मोजत होते.

रिपोर्टला सहा दिवस. त्या सहा दिवसांत मी चौदा ब्लाऊजं शिवली. एकाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. एकाची पाठ पुढं आणि पुढा पाठीला. ते घालून बघणारी नवी नवरी आरशासमोर गोल गोल फिरत राहिली आणि म्हणाली, "टेलर अक्का, ही नवीन फॅशन हाय काय?" मी व्हय म्हणणार होते.

सातव्या दिवशी अक्का आणि मी परत बिदरला. ह्यांना यायचं होतं, पण मीच नको म्हटलं. ते आले असते तर गावाला पाणी कुणी सोडलं असतं, असं मी म्हणाले. खरं तर त्यांचा चेहरा मला बघवला नसता.

खिडकीवर पाकीट मिळालं. डॉक्टर यायला वेळ होता. आतला कागद इंग्रजीत, बारीक अक्षरांत. थांबायला सांगितलं होतं, पण अक्कांना थांबणं जमत नाही. त्यांनी व्हरांड्यातून जाणारी एक कॉलेजची पोरगी धरली. "बाळा, जरा वाचून दाखव." पोरगी घाबरत घाबरत वाचायला लागली, मोठमोठे शब्द, आणि शेवटी म्हणाली, "हितं निगेटिव्ह असं लिवलंय."

अक्का मटकन खाली बसल्या. "निगेटिव्ह! निगेटिव्ह म्हणजे वाईटच की गं!" आणि त्यांनी हंबरडाच फोडला. पोरगी म्हणायली, "न्हाई आंटी, तसं न्हाई," पण ऐकतं कोण. चार बायका गोळा झाल्या, कुणी पाणी आणलं. मी मात्र उभी होते. मला काहीच होत नव्हतं. मी फक्त बघत होते की अक्कांच्या ब्लाऊजची खांद्यावरची शिवण उसवलीय, घरी गेल्यावर घालावी लागेल.

गोंधळ ऐकून नमुना घेणारे डॉक्टरच बाहेर आले. कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला. "कोण रडतंय? कशाला? कॅन्सर नाही. निगेटिव्ह म्हणजे कॅन्सर सापडला नाही. साधी गाठ आहे, राहू द्या तिथं. सहा महिन्यांनी परत दाखवा. मधे मोठी झाली, कातडी ओढल्यासारखी दिसली, बोंडातून काही आलं, तर सहा महिने थांबू नका."

"म्हणजे चांगलं?" मी विचारलं.

"एकदम चांगलं."

"परत एकदा सांगा."

त्यांनी परत एकदा सांगितलं. अक्का उठल्या, डॉक्टरांच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. डॉक्टर चाळिशीतले, टक्कल पडलेले. लहान पोरासारखे लाजले.

तिथून पुढं आम्ही कशा निघालो ते मला नीट आठवत नाही. स्टँडसमोर ताटभर मिरची भजी खाल्ली, ठेचा कमी करायचा सल्ला विसरून. अक्कांनी भजीवाल्याला सांगितलं, आमची निगेटिव्ह आली. त्यानं आणखी दोन भजी टाकली. मग समोर लागलेल्या बसमध्ये बसलो. आमच्याकडं कर्नाटकात सरकारी बसला बायकांना तिकिटाचे पैसे नाहीत, आधार कार्ड दाखवलं की झालं. त्यामुळं बसमध्ये चढताना विचार करायची सवय मोडलीय. बस शहराच्या बाहेर पडली, आम्ही दोघी एकाच वेळी बोलत होतो, एकमेकींचं ऐकत नव्हतो. कंडक्टर आला.

"हुलसूर दोन," मी कार्डं पुढं केली.

"हुलसूर?" तो माझ्याकडं बघत राहिला. "अक्का, ही चिटगुप्पा बस."

आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. पुढच्या थांब्यावर उतरवतो, तो म्हणाला, तिथून मागं फिरा. अक्कांनी एक क्षण विचार केला. "पैसे लागत न्हाईत ना?"

"न्हाई."

"मग दे चिटगुप्पा दोन. बघू तरी तुझ्या त्या गिऱ्हाईकाचं गाव!"

मला हसताना उचकी लागली. तेवढ्यात ह्यांचा फोन. सकाळपासूनचा सतरावा असेल. दवाखान्यात रेंज नव्हती आणि नंतर भज्यांच्या नादात मी लावायचं विसरले होते.

"कुठं हायस?"

"चिटगुप्प्याच्या बसमधी."

मग एकदम पडलेल्या आवाजात, "चिटगुप्प्याला कामून? तिथं पाठवलं व्हय? मोठा डॉक्टर हाय काय तिथं?"

"अहो न्हाई! चुकून बसलो. काही न्हाई निघालं. साधी गाठ हाय. कॅन्सर न्हाई."

फोन कट झाला का म्हणून मी बघितलं, तर चालूच होता. मग पलीकडून पाण्याचा आवाज आला, धबाधबा. "काय करायलात?" मी विचारलं.

"कायी न्हाई," ते म्हणाले. "वॉल उघडला."

"आत्ता? आत्ता कुठं पाण्याची वेळ हाय?"

"नसू दे की."

चिटगुप्प्याला उतरून आम्ही बाजारातून एक चक्कर मारली, मला जांभळा अस्तराचा कपडा चांगला मिळाला, आणि मग हुमनाबाद, बसवकल्याण असं करत दिवे लागायच्या आत हुलसूरला पोचलो. स्टँडवर हे मोटारसायकल घेऊन उभे. मधे मी, मागं अक्का, असे तिघं एका गाडीवर घरी आलो, गावानं बघितलं, बघू दे.

घरी आल्यावर ह्यांनी रिपोर्ट मागून घेतला. इंग्रजी त्यांनाही येत नाही, तरी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोट फिरवत वाचला. मी हातपाय धुऊन आले तोवर त्यांनी त्याचा फोटो काढून घराण्याच्या ग्रुपवर टाकलाही होता. या ग्रुपवर बिदर, लातूर, कलबुर्गी, जिथं जिथं आमचे लोक आहेत ते सगळे. सासरे, चुलतसासरे, भाचेजावई. ज्या शब्दासाठी मी महिनाभर घुसमटले होते तो आता इंग्रजीत, जाड ठशात सगळ्यांच्या फोनवर.

"अहो, हे काय केलंत!"

"चांगली बातमी हाय ना?"

पहिलं उत्तर कलबुर्गीच्या चुलतसासऱ्यांचं आलं. वय ऐंशी. त्यांनी न वाचता लिहिलं, "अभिनंदन! कितवा नंबर आला?" त्याखाली फुलांचे गुच्छ. मग सगळ्यांनी त्यांचं बघून गुच्छच टाकले. मी डोक्यावर हात मारून जमिनीवर बसले. भिंतीपलीकडं अक्कांच्या हसण्याचा आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर बसले असताना कलबुर्गीहूनच फोन आला. त्याच चुलतसासऱ्यांची सून, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमचं कधी फारसं बोलणं नाही. आधी हवा, लग्नं, पोरांचे अभ्यास असं सगळं बोलून झालं. मग आवाज एकदम खाली गेला.

"वैनी, तुमचा तो कागद बघितला मी. नीट वाचला. तुम्ही डॉक्टरला पहिल्यांदा काय म्हणालात? म्हणजे, कसं सुरू केलं?"

मी मशीनचा पाय थांबवला. "तुम्ही कुठं उभ्या हाव?"

"गच्चीवर."

"कोण हाय का जवळ?"

"न्हाई."

"मग म्हणा माझ्यामागं," मी म्हटलं, "आणि जोरात म्हणा."